पाटीवरची शेवटची ओळ

दसरा तोंडावर आलेला, झेंडू ऐन भरात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात मालनबाईच्या शेतात एक माणूस उताणा पडलेला.

पान-बिन लागलं की काय, साप-बिप चावला की काय, म्हणून हातातली बादली टाकून मालनबाई धावली. जवळ जाऊन बघते तर माणूस चांगला धडधाकट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि त्याची बायको समोर मोबाईल धरून सांगतेय, "जरा डावीकडे सरक, मागची बिल्डिंग पण आली पाहिजे." त्यांचं पोरगं बाजूला उभं राहून फुलं ओरबाडत होतं आणि खिशात कोंबत होतं.

"अवो दादा, उठा की! अंथरूण हाय का ते?"

माणूस उठला. त्याच्या अंगाखाली झाडं पार भुईसपाट झालेली. कपडे झटकत, अजिबात न रागावता, उलट समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "मावशी, आम्ही फ्लॅट बघायला आलोय. तुम्ही इथल्या गार्डनच्या मेंटेनन्सला का?"

मालनबाईला जे सुचलं ते लेकरासमोर बोलण्यासारखं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून जे शेत तिनं खुरपलं, त्यात तिला आता कोणीतरी नोकर ठरवत होतं, तेही मोठ्या आदरानं.

बरं, हा पहिला नव्हता. शेजारची 'पुष्पांगण' नावाची बिल्डिंग उभी राहिल्यापासून रोज कोणी ना कोणी यायचंच. कोणी वाफ्यात बसून डबा खायचं, कोणी नवरा-नवरीचे फोटो काढायचं. एक बाई तर मालनबाईलाच विचारून गेली होती, की इथं मुलांसाठी झोपाळे कधी लागणार. आणि यात त्या लोकांची तरी काय चूक? रस्त्याच्या तोंडाशी बिल्डर गोरक्षशेठनं एवढा मोठा फलक लावला होता, की वणीच्या गडावर निघालेल्या गाड्यासुद्धा वळण चुकल्या तर वाचायला थांबाव्यात. 'खिडकी उघडा, फुलं बघा! कायमची हिरवाई. गंगापूर रोड टच.'

टच म्हणे! बिल्डिंगच्या फाटकातून चालत निघालं, तर कालवा ओलांडायचा, वीटभट्टीच्या धुरातून जायचं, दोन ठिकाणी कुत्र्यांना हुसकायचं, आणि मग कुठं गंगापूर रोड दिसायचा. त्या रोडला आणि या बिल्डिंगला एकमेकांची साधी तोंडओळखही नव्हती.

पण ते एक वेळ सोडा. फलकावर जो फोटो होता, तो मालनबाईच्या शेताचा होता. बांध तिचा, विहिरीवरचं कडुनिंब तिचं, झेंडू तिचा. मूळ फोटोत ती स्वतःही होती, पदर खोचून, वाकून खुरपत असलेली. तिला तेवढी पुसली होती. तिच्या जागी एक बाकडं आलं होतं आणि बाकड्यावर एक हसरं जोडपं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ पाहिलेत, पण हलवायालाच पुसून टाकणारा हा पहिलाच.

यात सगळ्यात जास्त खुपत होतं ते हे, की तो फोटो घरातूनच गेला होता. सुवर्णानं, म्हणजे मालनबाईच्या सुनेनं, मागच्या वर्षी कौतुकानं काढून मोबाईलवर टाकला होता, 'आमचं शेत' असं लिहून. मग पाडव्यापासून ती शेठच्या ऑफिसात फ्लॅट दाखवायच्या कामाला लागली आणि शेठच्या नजरेला तो फोटो पडला. आणि बांधावरचं काट्याचं कुंपण? ते लहानूनं, म्हणजे मालनबाईच्या नवऱ्यानं, स्वतः काढू दिलं होतं. "शेठ नवीन बांधून देतो म्हणाले," एवढंच त्याचं उत्तर. नवीन कुंपण काही आलं नाही, माणसं मात्र यायला लागली.

त्या दिवशी मालनबाई तशीच, मातीच्या पायांनी, ऑफिसात शिरली.

आत गारेगार होतं. मधोमध काचेखाली बिल्डिंगचं खेळण्याएवढं रूप मांडलेलं, आणि तिच्या शेताच्या जागी हिरव्या स्पंजचा तुकडा चिकटवलेला. सुवर्णा उठून उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, केस नीट बांधलेले. पोरगी दिसत होती मात्र छान, हे मालनबाईला रागातही जाणवलं.

"सुवर्णा, ते फलकावरून माझं शेत उतरवायला सांग तुझ्या शेठला."

"आई, हळू. आत गिऱ्हाईक आहे." सुवर्णानं टेबलावरचा चकचकीत कागद पुढे केला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : चित्र केवळ कल्पनेसाठी. "सगळेच बिल्डर असं लिहितात. ते शेत आहे असं कुठं म्हटलंय? ती कल्पना आहे."

"कल्पना? माझं शेत कल्पना हाय? मग रोज रात्री माझी कंबर कशानं दुखती गं?"

सुवर्णाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. मालनबाईला ते दिसलं आणि ती आणखी चिडून बाहेर पडली.

घरी येऊन तिनं गोठ्यामागचा जुना पत्रा काढला आणि लहानूच्या पुढ्यात आपटला. लहानूचं अक्षर गावात नावाजलेलं. देवळावरची देणगीदारांची नावं त्याचीच, द्राक्षवाल्यांच्या गाड्यांमागचे सुविचारही त्याचेच. पत्रा पांढरा रंगवला, वाळला, आणि मग मालनबाई सांगत गेली तसं तो लाल रंगानं लिहीत गेला.

'ही बाग नाही. हे आमचं शेत आहे. आत येऊ नये. दिवाळीनंतर इथं कोबी लागेल. शेणखत पडेल, वास येईल.'

"आन् खाली लिहा, हे शेत हाय आन् शेतच राहील."

लहानूचा ब्रश थांबला. "ही ओळ कशाला? पुढचं कोणी बघितलं?"

"तुम्ही लिहा हो. सदा न् कदा मोडता घालायचा."

त्यानं लिहिलं. पण नेहमीसारखं खालून रेघ मारून, शेवटी फुलाची नक्षी काढून नाही. लिहिलं आणि ब्रश धुवायला निघून गेला. मालनबाईनं तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. तिला पाटी बांधावर रोवायची घाई झाली होती.

पाटी लागली आणि दोन दिवस खरोखर शांतता झाली. तिसऱ्या दिवशी गोरक्षशेठची पांढरी गाडी बांधाला येऊन थांबली. मालनबाई भांडणाच्या तयारीनं पदर खोचून उभी राहिली. शेठ उतरले, पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मावशी, सोन्यासारखी पाटी लिहिलीत!" ते हात जोडून म्हणाले.

आता याला काय म्हणायचं? मालनबाईला वाटलं, माणूस वरमला. वरमतो कसला! त्याच दुपारी ती बांधाआड मिरच्या तोडत असताना शेठ गिऱ्हाइकांना घेऊन पाटीसमोर उभे होते आणि सांगत होते, "ही बघा, शेतकऱ्यानं स्वतः लिहून लावलेली पाटी. आम्ही नाही लिहिली. 'शेत आहे आणि शेतच राहील.' म्हणजे तुमच्या खिडकीसमोर जन्मात दुसरी बिल्डिंग येणार नाही. यापेक्षा मोठी गॅरंटी कोणता बिल्डर देईल?"

गिऱ्हाइकं माना डोलावत होती. एकानं पाटीचा फोटो काढला. कोबीचं आणि शेणखताचं मात्र शेठनं बोट ठेवून झाकलं होतं म्हणा किंवा लोकांना वाचायचंच नव्हतं म्हणा. फसवणारा एक हात पुढे करतो तेव्हा लोक दोन हात पुढे करून धावतात, हे मालनबाईनं भाजीबाजारात पाहिलं होतं. खोट्याला शिव्या घालता येतात. पण आपलंच खरं दुसऱ्यानं विकायला काढलं तर शिव्या कोणाला घालायच्या? ती मिरच्या तोडत राहिली आणि मिरचीचा हात डोळ्याला लागून वर आणखी ताप झाला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शेठनं पत्रिका छापल्या. दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग सुरू, आणि वर ठळक अक्षरात, 'दसऱ्याला या, खिडकीतून फुलांचा समुद्र पाहा.' ती पत्रिका द्यायला ते स्वतः घरी आले, पेढ्याचा पुडा घेऊन. मालनबाईनं पत्रिका सुनेकडून वाचून घेतली आणि कितीतरी दिवसांनी ती खदाखदा हसली.

"शेठ, तुम्ही बिल्डिंगी बांधता, पण दसरा तुम्हाला कोणी शिकवला? दसऱ्याला झेंडू शेतात नसतो. दसऱ्याला झेंडू लोकांच्या दारात असतो. आदल्या दिवशीच तोडून होतो सगळा."

शेठच्या हातातला पेढा हातातच राहिला. एवढ्या शिकलेल्या, सुटाबुटातल्या माणसांनी मिळून फलक काढला, पत्रिका छापल्या, पण ज्याच्या जिवावर हे चाललं होतं ते पीक कशासाठी लावतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग नका तोडू," शेठ म्हणाले. "सगळा माल उभाच्या उभा मी घेतो. बाजारभावानं. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत फक्त झाडावर राहू द्या."

लहानूचा चेहरा खुलला. "चांगलं हाय की. तोडणीची मजुरी वाचली, बाजारात जायचं वाचलं."

"आन् लताबाईला काय सांगू? ती बाजारात माझ्या फुलांच्या भरवशावर हारांच्या ऑर्डरी घेऊन बसलीय," मालनबाई म्हणाली. "आन् फुलं विकत घेऊन ह्यांना दारात लावायची नायत. लोकांना ही बाग हाय म्हणून दाखवायचीत. नाय जमणार शेठ. पेढे घेऊन जा."

शेठ गेले. लहानू अंगणात जाऊन बसला. रात्रीची जेवणं झाल्यावर सुवर्णा चुलीपाशी आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती सासूशेजारी बसून हळू आवाजात म्हणाली, "आई, या बुकिंगनंतर मला पक्की करणार आहेत. शेठनी स्पष्ट सांगितलंय, सासूला समजाव. तुम्हाला जसं तुमचं शेत, तसं मला ते ऑफिस आहे. पहिल्यांदा मला कोणी मॅडम म्हणतंय."

पोरगी बी.कॉम. झालेली, हुशार, आणि या घरात येऊन तीन वर्षं नुसत्या भाकरी थापत होती. तिच्या नोकरीवर पाय द्यायची मालनबाईला काही हौस नव्हती. पण झाडावर फुलं ठेवून लोकांना भुलवायचं, हेही तिच्या गळी उतरेना. चडफडत ती म्हणाली, "फुलं तर तोडणारच. पण तुझ्या ऑफिसला तोरणं मी बांधून देते. पाहिजे तेवढी."

सुवर्णा काहीतरी आणखी सांगणार होती. तोंड उघडून तिनं पुन्हा मिटलं आणि भांडी आवरायला उठली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवस मावळेपर्यंत तोडणी उरकली. कॅरेटं भरून गाडी बाजाराला गेली. दसऱ्याच्या सकाळी शेत हिरवंगार, आणि औषधालासुद्धा केशरी ठिपका नाही. मालनबाई तोरणांची टोपली डोक्यावर घेऊन 'पुष्पांगण'च्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये चढली. लिफ्ट अजून चालू नव्हती. 'तत्पर लिफ्ट' असं खाली लिहिलं होतं मात्र.

ती खिडकीवर तोरण बांधत होती, तेवढ्यात सुवर्णा एका म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन आत आली. नांदगावचे निवृत्त मास्तर, वाल्मीकसर, आणि त्यांची बायको सुमनबाई. सुमनबाईंचे गुडघे गेलेले. जिना चढून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. सुवर्णानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि खिडकी उघडली.

"फुलं कुठे आहेत?" सुमनबाईंनी विचारलं.

"मॅडम, ते सीझनल असतं," सुवर्णानं पाठ केलेलं सुरू केलं. "आपलं जे लँडस्केप गार्डन..." आणि तिची नजर सासूवर गेली. मालनबाई स्टुलावर उभी होती, हातात तोरणाचं टोक, आणि सुनेकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. नुसता कंटाळा होता, रोज तेच ते ऐकून आलेला.

सुवर्णा थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "काकू, ती बाग नाही. ते आमचं शेत आहे. फुलं काल तोडून बाजारात गेली. या माझ्या सासूबाई. दिवाळीनंतर इथं कोबी लागतो, शेणखत पडलं की चार दिवस वास येतो. आणि गंगापूर रोड इथून जवळ नाही. काकूंना चालत तर नाहीच जमणार."

मालनबाईला वाटलं, स्टुलावरून उतरावं आणि पोरीची दृष्ट काढावी.

पण मास्तर हसले. "अहो, आम्ही नांदगावचे. शेणखताला आम्ही काय घाबरतो? कोबी तर कोबी. गावचं घर विकून येतोय इथं, हिच्या दवाखान्यासाठी. हिला बाहेर पडवत नाही. खिडकी हेच हिचं अंगण. समोर भिंत नको, एवढंच मागणं आहे. आणि खाली पाटी वाचली मी, शेतच राहील म्हणून. तिच्यावरच तर आमचं ठरलं." मग मालनबाईकडे वळून म्हणाले, "ताई, पाटी तुमचीच ना?"

"माझीच," मालनबाई ताठ होऊन म्हणाली. "आन् लिहिलंय ते खरं हाय. आम्ही नाय विकणार कधी."

"आई," सुवर्णा म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मालनबाईनं तोरण सोडलं.

"आई, आता सांगतेच आहे तर यांना हेही खरं सांगायला पाहिजे." ती मास्तरांकडे बघून बोलत होती, सासूकडे बघायची तिची हिंमत नव्हती. "सर, ते नक्की नाही. शेठना दुसरी बिल्डिंग त्याच शेतात उभी करायची आहे. नाना आणि हर्षल, म्हणजे माझे सासरे आणि माझा नवरा, गणपतीत ऑफिसात येऊन शेठशी बोलून गेलेत. सही झालेली नाही. पण होकार दिलाय. मीच चहा नेऊन दिला होता."

सुमनबाई खिडकीतून त्या हिरव्या शेताकडे बघत राहिल्या. मग खुर्चीचा आधार घेऊन उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी लावून घेतली. मास्तरांनी सुवर्णाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आमचं म्हातारपण वाचवलंस," म्हणाले, आणि बायकोला धरून हळूहळू जिना उतरायला लागले.

सुवर्णानं गळ्यातलं ओळखपत्र काढून ओट्यावर ठेवलं. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. पण शेठ खालीच होते, आणि मास्तर काही गप्प राहणाऱ्यातले नव्हते.

"मला कसं सांगावं कळेना आई," ती रडत म्हणाली.

मालनबाईला खूप चिडायचं होतं. पण कोणावर? इतके महिने जिला खोट्याचा पगार खाते म्हणून टोमणे मारले, तिनंच आज खरं सांगितलं होतं, आणि ते सांगून नोकरी घालवली होती. आणि जी स्वतः खरी म्हणून मिरवत होती, तिच्याच पाटीवर सगळ्यात मोठी थाप लिहिलेली होती. शेठनं तिच्या शेताला बाग म्हटलं तेव्हा लोक नुसते फोटो काढून गेले होते. तिच्या ओळीवर लोकांनी विश्वास ठेवला होता. एका म्हाताऱ्यानं तर गावचं घर मोडायला काढलं होतं.

तोरणं उतरवून घेऊन जावीत असं एकदा तिच्या मनात आलं. पण दसऱ्याचं तोरण दसऱ्याच्या दिवशी उतरवत नाहीत. ती सुनेचा हात धरून खाली उतरली.

बांधापाशी लहानू अवजारांची पूजा मांडत होता. विळे, खुरपी, कुदळ धुऊन ओळीनं ठेवलेली, प्रत्येकावर हळदकुंकू आणि एकेक फूल. मालनबाईचं नेहमीचं खुरपं त्यानं मधोमध ठेवलं होतं. दोघींचे चेहरे बघून तो काय समजायचं ते समजला.

"सुवर्णानं सांगितलं?"

"तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं. मला सांगायचं काम तुमचं व्हतं."

"अगं, सही कुठं केलीय अजून?" लहानू म्हणाला. "हर्षल काय शेती करणार नाय. आन् तू तरी किती वर्षं वाकणार? तुझ्या कंबरेचाच इचार केला मी."

"कंबर माझी हाय ना? मग इचार तिचा केला, आन् इचारलं शेठला?"

लहानूनं एक विळा उचलून उगाच सरळ ठेवला. शेत त्याच्या वडिलांचं, त्याच्या नावावरचं. हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आत्ताही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

मालनबाई गोठ्यात गेली. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली आणि दोन्ही तिनं त्याच्या हातात दिलं.

"शेवटची ओळ खरी असंल तर तिला हात लावू नका. खोटी असंल तर पुसा. माझ्या पाटीवर मला खोटं नको."

ती तिथंच उभी राहिली. पलीकडे फलकावर ते हसरं जोडपं बाकड्यावर बसलेलं होतं, जिथं ती वाकून खुरपत असायची. लहानू ब्रश हातात धरून पाटीसमोर बराच वेळ उभा होता. एकदा त्यानं मागं वळून शेताकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. तिला वाटलं, आता ठेवील ब्रश खाली. या माणसाला सांगितलेलं काम कधी धड जमलंय? कौलं शाकारायला सांगावीत तर अर्धी ठेवतो, गोठा सारवायला सांगावा तर कोपरे राहतात.

लहानूनं ब्रश रंगात बुडवला. ती ओळ मात्र त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काना, एक मात्रा न सोडता, नीट पुसून काढली.